थॉमस रुफ: जेपेगचे ठोकळे, संगणकातली डार्करूम आणि कागदी निगेटिव्ह

हायपो_लालदिवा (धागाकर्ता)

जर्मन छायाचित्रकार थॉमस रुफच्या 'जेपेग' मालिकेबद्दल दोन वाक्यं ठरलेली असतात: 'नेटवरचा फोटो मोठा करून छापला' आणि 'पिक्सेल दिसतात'. दोन्ही अर्धवट आहेत. तिथे दिसतात ते मुख्यतः पिक्सेल नव्हेत, जेपेग पद्धतीचे (चित्राची फाइल दाबून लहान करण्याच्या पद्धतीचे) आठ बाय आठ पिक्सेलचे ठोकळे. ते आपोआपही आलेले नाहीत. चित्राचा आकार आधी कमी करून, दाबून, मग मोठं करून ते मुद्दाम पृष्ठभागावर आणले आहेत.

ओळख थोडक्यात. जन्म १९५८, जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधलं त्सेल आम हार्मर्सबाख. १९७७ ते १९८५ द्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत बर्न्ड बेखर यांचा विद्यार्थी. सुरुवातीची पासपोर्टसारखी भावशून्य व्यक्तिचित्रं मोठ्या निगेटिव्हवर कॅमेऱ्याने काढलेली. पण १९८९ च्या 'तारे' मालिकेतच त्याने कॅमेरा बाजूला ठेवला. युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीने चिलीत घेतलेल्या आकाशाच्या निगेटिव्ह मिळवल्या आणि त्यांतले तुकडे निवडून अडीच मीटर उंचीचे प्रिंट केले. तिथून पुढे त्याचा विषय समोरचं दृश्य राहत नाही. ते दृश्य आपल्यापर्यंत आणणारी यंत्रणा हा विषय होतो. माझ्या मते डिजिटल की अ‍ॅनालॉग हा वाद त्याच्यापाशी निकालात निघतो, कारण दाणा, ठोकळा, सुरकुती या सगळ्यांना तो एकाच मापाने मोजतो.

११ सप्टेंबर २००१ ला तो न्यूयॉर्कमध्ये होता. त्याने काढलेल्या फिल्मवर काहीच आलं नाही, म्हणून त्याने नेटवरची छायाचित्रं घेतली. 'जेपेग एनवाय ०२' (२००४) हे काम त्यातूनच आलं.

आता यंत्रणा. जेपेग करताना चित्र उजेड आणि रंग अशा वेगळ्या थरांत फुटतं. प्रत्येक थराचे ८ × ८ पिक्सेलचे ठोकळे पडतात. ठोकळ्यातल्या ६४ किमतींच्या जागी ६४ लहरींचे गुणक येतात: पहिला ठोकळ्याची सरासरी सांगतो, शेवटचे बारीक तपशील. मग प्रत्येक गुणकाला तक्त्यातल्या आकड्याने भागून पूर्णांक करतात. माहिती हरवते ती या पायरीला. प्रमाणित तक्त्यात उजेडाच्या सरासरीसाठी १६ आहे, सर्वांत बारीक तपशिलासाठी ९९. गुणवत्ता १० ठेवली की तक्ता पाचपट होतो: १६ चे ८०, ९९ चे ४९५, पण नेहमीच्या जेपेगमध्ये २५५ च्या वर जाता येत नाही. पहिला गुणक सरासरीच्या आठपट असतो, म्हणजे ८० ची पायरी प्रत्यक्षात करड्या छटेच्या १० पायऱ्यांएवढी. शेजारच्या दोन ठोकळ्यांत एकदम १० छटांचा फरक पडू शकतो, आणि धुराच्या लोटात फरशा बसवल्यासारखं दिसतं ते त्यामुळेच.

करून बघायचं असेल तर:

मूळ चित्र ४०० × ३०० पिक्सेलला आणा. लांबी-रुंदी १६ च्या पटीत असेल तर उत्तम, नाहीतर कडेचे ठोकळे अर्धे येतात. ४०० × ३०४ करा. जिंप या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमधून जेपेग काढताना गुणवत्ता १० आणि सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती कमी करणं) ४:२:० निवडा. ती फाइल उघडून लगेच टिफमध्ये (माहिती न गमावणाऱ्या फाइल-प्रकारात) ठेवा. मग १२ पट मोठी करा, इंटरपोलेशन 'नन' (मधल्या छटा अंदाजाने न भरता). ४८०० × ३६४८ पिक्सेल मिळतील. १२० सेंमी रुंद छापलं तर मूळ पिक्सेल ३ मिमी, उजेडाचा ठोकळा २४ मिमी आणि रंगाचा ठोकळा ४८ मिमी.

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. ४:२:० मध्ये रंगाची माहिती दोन्ही दिशांना निम्मी होते, त्यामुळे रंगाचा ठोकळा १६ × १६ पिक्सेल व्यापतो. ज्वाळांच्या कडेला नारिंगी रंग आकाशात सांडलेला दिसतो, त्याचं कारण हे.

चौकटीबाहेर

उत्तम धागा. दोन शंका. फोटोशॉपमध्ये कितीही दाबलं तरी रंगाचे मोठे ठोकळे येत नाहीत असं पुष्कळजण म्हणतात. आणि तीच फाइल दहा वेळा सेव्ह केली तरी परिणाम वाढत नाही. असं का?

हायपो_लालदिवा

पहिलं: फोटोशॉपच्या 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये गुणवत्ता ७ ते १२ असेल तर रंग निम्मा होतच नाही. ० ते ६ मध्येच होतो. 'सेव्ह फॉर वेब'मध्ये ही सीमा ५० वर आहे. त्यामुळे ६ किंवा खाली या.

दुसरं: तोच तक्ता, तेच ठोकळे असतील तर गुणक पहिल्याच खेपेला ८० च्या पटीत बसलेले असतात. पुन्हा ८० ने भागलं की तीच संख्या येते. किरकोळ पूर्णांकनाचा फरक सोडला तर चित्र स्थिर होतं. थर साचवायचे असतील तर दर सेव्हच्या आधी डावीकडून ३ आणि वरून ५ पिक्सेल कापा. ठोकळ्यांची जाळी सरकते आणि जुन्या भेगांवर नव्या भेगा पडतात. मात्र चार-पाच खेपांनंतर चित्राचा चिखल होतो. रुफच्या प्रिंटमध्ये जाळी स्वच्छ, एकसलग आहे. त्या अंगाने जायचं तर एकदाच दाबा.

आणखी एक चूक सर्रास होते: व्हॉट्सॅपवरून आलेला फोटो घेणं. तो आधीच लहान होऊन दाबलेला असतो. तो आणखी लहान केला की जुनी जाळी विरघळून नुसता मळकटपणा उरतो. हल्ली बऱ्याच संकेतस्थळांवर वेबपी किंवा एव्हीआयएफ हे नवे फाइल-प्रकार असतात, तिथे ठोकळ्यांचे आकार वेगळे आणि कडा मुद्दाम गुळगुळीत केलेल्या. सुरुवातीला स्वच्छ मूळ प्रत हवी.

अंतरमापी

अंतराचं गणित मांडतो, कारण प्रिंटचा आकार ठरवताना बहुतेकांची गल्लत होते.

निरोगी डोळ्याला साधारण एक मिनिट कोनाएवढा तपशील वेगळा दिसतो. एक मीटरवर हे ०.३ मिमी. म्हणजे ३ मिमीचा पिक्सेल सुमारे १० मीटरवर विरघळतो. पण २४ मिमीचा ठोकळा विरघळायला ८० मीटर लागतील, आणि एवढं दालन कुठे नसतं. मग लांबून चित्र 'जुळतं' कसं? रेझोल्यूशनमुळे नव्हे. ठोकळ्याच्या कडा ठळक असल्या की मोठे आकार झाकले जातात; अंतर वाढलं की त्या कडांची धार आधी बोथट होते आणि मोठे आकार वर येतात. डोळे किलकिले करूनही हाच परिणाम मिळतो.

यावरून व्यवहारातला नियम: प्रेक्षक जास्तीत जास्त ६ मीटर मागे जाऊ शकणार असेल तर मूळ पिक्सेल २ मिमीच्या आसपास ठेवा. प्रिंट ६० सेंमीचा असेल तर मूळ चित्र ३०० पिक्सेल रुंद. लहान प्रिंटवर ८०० पिक्सेलचं चित्र छापलं तर जेमतेम पाऊण मिमीचे पिक्सेल आणि ६ मिमीचे ठोकळे येतात. ते 'खराब छपाई' वाटतात, रचना वाटत नाहीत. पुस्तकात किंवा फोनवर रुफची जेपेग मालिका फसवी दिसते ती याच कारणाने.

मिसरंग

हे सगळं कॅनव्हासवर इंकजेटने छापलं तर काय बिघडतं? खर्च खूपच कमी येतो.

हायपो_लालदिवा

बिघडतं. कॅनव्हासचं विणकाम ही स्वतःच एक जाळी आहे. ती ठोकळ्यांच्या जाळीशी भांडते. गुळगुळीत कागदावर रंगद्रव्याची शाई चालेल, पण ठोकळ्याच्या आतला सौम्य उतार फवाऱ्याच्या ठिपक्यांनी थोडा दाणेदार होतो.

रुफची मोठी कामं सी-प्रिंट आहेत: डिजिटल फाइल, पण कागद रासायनिक. लेझरने प्रकाश-संवेदी रंगीत कागदावर प्रकाश टाकतात आणि मग आरए-४ ही रासायनिक प्रक्रिया: ३५ अंश सेल्सिअसला डेव्हलपर ४५ सेकंद, ब्लीच-फिक्स ४५ सेकंद, धुणं ९० सेकंद. ठिपका नसतो, सलग छटा मिळते. लॅम्डासारखी यंत्रं २०० किंवा ४०० पिक्सेल प्रति इंचाने प्रकाश टाकतात. १२७ सेंमी रुंदीचा रोल नेहमीचा, त्याहून रुंद मोजक्याच ठिकाणी. सबंध भिंतीएवढं काम करण्याआधी रोलची रुंदी विचारा.

चुका कुठे होतात ते सांगतो. डेव्हलपरचं तापमान अर्ध्या अंशाने हललं तरी सपाट करड्या भागात रंगाची झाक येते. नेहमीच्या फोटोत ती लपते, इथे लपत नाही, कारण चित्रात सपाट ठोकळेच जास्त. रोलरची उभी रेघही तिथेच दिसते. ब्लीच-फिक्सचे थेंब डेव्हलपरमध्ये पडले तर डाग आणि रंगबदल. दोन तुकड्यांत काम करायचं असेल तर दोन्ही एकाच इमल्शन क्रमांकाच्या (एकाच उत्पादन-खेपेतल्या) रोलवर, एकाच दिवशी. आणि लॅबला लेखी द्या: शार्पनिंग नको, नॉइज रिडक्शन नको, आकार बदलू नका. फाइल यंत्राच्या रेझोल्यूशनलाच तयार करून द्या, म्हणजे त्यांना हात लावावा लागणार नाही. तुमची फाइल 'सुधारून' देणारा ऑपरेटर चांगल्या हेतूनेच जाळी पुसून टाकतो.

काचघर

त्यावर डायसेकची भर. प्रिंटचा दर्शनी भाग अ‍ॅक्रिलिकला सिलिकोनने कायमचा चिकटवण्याची ही पद्धत. मधली हवा जाते, त्यामुळे काळा रंग खोल आणि रंग दाट दिसतात. द्युसेलडॉर्फच्या छायाचित्रकारांच्या भव्य प्रिंटमागे ही पद्धत आहे. ती नसती तर दोन मीटरचा कागद इतका सपाट राहिलाच नसता.

तोटेही पक्के. चिकटवलेलं परत सुटत नाही. अ‍ॅक्रिलिकवर खोल ओरखडा म्हणजे काम नव्याने छापणं. मध्ये ०.२ मिमीचा धुळीचा कण अडकला तर तो कायमचा, आणि अ‍ॅक्रिलिकवरची संरक्षक फिल्म सोलताना स्थिर विजेने धूळ ओढली जाते, म्हणून आयनीकरण करणारा हवेचा झोत लागतो. तापमानाचा हिशेब: अ‍ॅक्रिलिक दर मीटरला दर अंशाला ०.०७ मिमी वाढतं. १.८ मीटरचा फलक २० अंशांच्या फरकाने अडीच मिमी हलतो. मागचा फलक अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर तो त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच हलतो. फ्रेमला चारही बाजूंनी जागा सोडा, नाहीतर मधोमध पोट येतं.

पथिक_छाया

जेपेगचं पटलं. फोटोग्राम मालिकेबद्दल मात्र आक्षेप आहे. फोटोग्राम म्हणजे वस्तू कागदावर ठेवून प्रकाश टाकणं, कॅमेऱ्याविना. वस्तूने कागदाला स्पर्श केला होता हीच त्याची साक्ष. क्रिस्टियन शाड, मॅन रे, मोहोली-नॉज यांचं काम त्या स्पर्शावर उभं आहे. रुफने २०१२ पासून केलं ते सगळं संगणकात. मग त्याला फोटोग्राम का म्हणायचं?

अंतरमापी

आक्षेप रास्त आहे, पण स्पर्श ही फोटोग्रामची अट नाही. काच, लोलक, पाणी वर धरून केलेले फोटोग्राम मोहोली-नॉजनेच केले आहेत. साक्ष आहे ती प्रकाशाच्या वाटेची. आणि नेमकी ती वाटच रुफने गणिताने चालवली. वेन्त्सेल श्पिंगलर यांच्याबरोबर त्याने आभासी डार्करूम उभी केली: कागद, वस्तू, दिवे, सगळं त्रिमितीत. खऱ्या फोटोग्रामच्या तीन अडचणी तिथे सुटतात: वस्तूचा आकार एकास एकच राहणं, एकच प्रत निघणं, आणि मांडणी हलली की सगळं पहिल्यापासून करावं लागणं. शिवाय रंगीत दिवे.

वेगळी अडचण मात्र उभी राहते. २४० × १८५ सेंमीचं चित्र २०० पिक्सेल प्रति इंचाने काढा: सुमारे १८,९०० × १४,५७० पिक्सेल, म्हणजे साडेसत्तावीस कोटी. फुल एचडी पडद्याच्या १३० पटींहून जास्त. प्रत्येक पिक्सेलसाठी काचेतून वाकणारे हजारो किरण मोजायचे. साध्या संगणकाचं हे काम नव्हे, म्हणून जर्मनीतल्या युलिशच्या संशोधन केंद्रातला महासंगणक वापरला गेला.

जाळीदार

घरच्या संगणकावर लहान आकारात हे ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये जमतं. त्यातलं प्रकाशकिरण मोजणारं सायकल्स इंजिन निवडून असं करा.

कागदासाठी ६० × ४५ सेंमीचा सपाट पृष्ठ, पांढरा डिफ्यूज (चमक नसलेला). वर १.५ मीटरवर दिवा. कॅमेरा बरोबर वरून, ऑर्थोग्राफिक (दूर-जवळचा फरक न दाखवणारा), स्केल ०.६. आता कळीची पायरी: प्रत्येक वस्तूच्या 'रे व्हिजिबिलिटी'मधून कॅमेरा काढून टाका. वस्तू दिसणार नाही, तिची सावली आणि तिच्यातून गेलेला प्रकाश तेवढा कागदावर दिसेल. शेवटी चित्र उलटं करा, कारण कागद निगेटिव्ह असतो.

सावलीची कड किती मऊ हवी ते मोजून ठरवा: दिव्याची रुंदी गुणिले वस्तू-कागद अंतर, भागिले दिवा-वस्तू अंतर. उदाहरणार्थ, दिवा १० सेंमी, वस्तू कागदापासून ५ सेंमी, दिव्यापासून १०० सेंमी: कड ५ मिमी पसरेल. रुफच्या चित्रांत धारदार आणि धूसर कडा एकत्र दिसतात, त्यासाठी वस्तू वेगवेगळ्या उंचीवर तरंगत ठेवा. सगळं कागदाला टेकवलं की कापून चिकटवलेलं वाटतं.

काचेतून पडणाऱ्या तेजरेषा हव्या असतील तर 'क्लॅम्प इनडायरेक्ट' शून्य आणि 'फिल्टर ग्लॉसी' शून्य. मूळ किमती तेजरेषा छाटतात. ब्लेंडर ३.२ पासून तेजरेषांसाठी 'शॅडो कॉस्टिक्स' ही सोय आहे. दिवा, काच आणि कागद तिन्हींवर ती खूण करावी लागते, एक जरी राहिली तरी काहीच होत नाही. ती फक्त आरपार जाणाऱ्या प्रकाशासाठी आहे, परावर्तनासाठी नाही, आणि काचेचं शेडिंग स्मूद हवं. सॅम्पल (दर पिक्सेलमागे मोजलेले किरण) ४०९६ पासून पुढे. डीनॉइजर (दाणे पुसणारी सोय) बंद, तो तेजरेषांची जाळी मेणासारखी करतो.

उलटं करण्याआधी व्ह्यू ट्रान्सफॉर्म 'स्टँडर्ड' ठेवा. नुसतं उलटं केलेलं चित्र एक्स-रेसारखं निर्जीव दिसतं. खऱ्या कागदाची घनता एस आकाराच्या वक्राने वाढते, म्हणून नंतर तसा वक्र द्या: सावल्या आणि उजळ टोकं दोन्ही थोडी दाबून.

रंगाची एक खूण: लाल दिवा लावला तर कागदावर निळसर हिरवा रंग यायला हवा. रंगीत कागदाचा लाल-संवेदी थर उजेड खाऊन सायन रंग तयार करतो. तो क्रम चुकला तर जाणकाराला लगेच कळतं.

पथिक_छाया

'प्रकाशाच्या वाटेची साक्ष' हे पटलं. तरी खऱ्या वस्तूला ओरखडे असतात, ते गणितात नसतात, एवढा मुद्दा माझा राहतो. त्या दृष्टीने लिनियस ट्राइप या जुन्या छायाचित्रकारावरची रुफची मालिका मला जास्त भिडते.

तंजावूरकर_नव्हे

ती मालिका आपल्याला जवळचीही आहे. ट्राइप हा मद्रास इलाख्याचा सरकारी छायाचित्रकार. १८५५ मध्ये ब्रह्मदेश, १८५७-५८ मध्ये दक्षिण भारत. १८५८ मध्ये त्याने तंजावूरच्या बृहदीश्वराच्या विमानाभोवतीचे (गाभाऱ्यावरच्या शिखराच्या इमारतीभोवतीचे) शिलालेख टिपले आणि २१ प्रिंट जोडून सुमारे १९ फूट लांब पट्टी केली. ते लेख तमिळ आहेत. सरफोजी राजे दुसरे यांनी त्याच देवळात कोरवलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख वेगळा. एका चौकटीत न मावणारा मजकूर तुकड्यांनी जोडून वाचनीय ठेवणं हे काम १८५८ मध्येही 'डेटा' हाताळण्याचंच होतं.

ट्राइपच्या निगेटिव्ह मेण दिलेल्या कागदाच्या. ओलं कोलोडियन (काचेच्या निगेटिव्हसाठीचं चिकट रसायन) काचेवर ओतल्यापासून ते सुकण्याआधी सगळं उरकावं लागतं. मेणकागद मात्र आधी तयार करून ठेवता येतो, म्हणून प्रवासात सोयीचा. त्या काळचं रसायन निळ्या प्रकाशाला अति-संवेदी, त्यामुळे आकाश कोरं पांढरं येई. मग ट्राइप निगेटिव्हवर कुंचल्याने ढग रंगवे. २०१८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमसाठी रुफने तिथल्या संग्रहातल्या याच कागदी निगेटिव्ह डिजिटल करून मोठ्या केल्या. कागदाचे तंतू, सुरकुत्या, कुंचल्याचे फटकारे सगळे वर आले. पथिक_छाया म्हणतात ते ओरखडे इथे आहेत, आणि ते दिसले डिजिटलमुळेच.

निळसर रंग कुठून येतो असं विचारतात. मेणकागद पिवळट तपकिरी असतो, समजा लाल २००, हिरवा १६०, निळा ११०. उलटं केलं की ५५, ९५, १४५: सरळ निळा. २०१४ च्या 'निगेटिव्ह' मालिकेतही हेच तत्त्व, तिथे जुन्या तपकिरी प्रिंट उलट्या केल्या आहेत.

जुनी कागदी निगेटिव्ह डिजिटल करताना पथ्यं: फ्लॅटबेडच्या काचेखाली दाबू नका, मेण तडकतं आणि काचेवर रंगीत वलयं येतात. कॉपी-स्टँडवर कॅमेरा, खाली थंड एलईडीचा लाइटबॉक्स, कागदाभोवती काळी चौकट. १६ बिट, रंगीत. करड्या छटेत घेतलं की निळा गेलाच. एक प्रत खालच्या प्रकाशात आणि दुसरी तिरक्या प्रकाशात घ्या; सुरकुत्या दुसऱ्यात येतात. दोन्हींमध्ये कागद हलता कामा नये.

मिसरंग

रुफच्या 'प्रेस++' मालिकेत फोटोच्या पाठचा मजकूर पुढच्या चित्रावर कसा बसवतात?

हायपो_लालदिवा

वृत्तपत्रांच्या जुन्या छापील फोटोंची पुढची आणि मागची बाजू स्कॅन करून एकत्र केली आहे. त्यामुळे संपादकाच्या कापणीच्या रेघा, शिक्के, हस्ताक्षर आणि चेहरा एकाच पातळीवर येतात.

दोन्ही बाजू ६०० पिक्सेल प्रति इंचाने, स्कॅनरचं स्वयंचलित रंगसुधार बंद. मागची बाजू आरशासारखी उलटवू नका, अक्षरं सुलटी वाचता आली पाहिजेत. चार कोपरे जुळवा. जुना कागद वाकलेला असल्याने नुसतं फिरवून जुळत नाही, 'पर्स्पेक्टिव्ह' वापरावं लागतं. मग मागचा थर 'मल्टिप्लाय' (खालचं चित्र गडद करत मिसळणारा प्रकार). मागचा कागद पिवळा असेल तर सगळं चित्र पिवळं होतं, म्हणून आधी लेव्हल्समध्ये मागच्या कागदाचा कोरा भाग २४५ च्या आसपास आणा. २५५ नको, कागदाचा पोत जातो. चिकटवलेल्या कात्रणाची सावली पडते ती राहू द्या, त्यावरूनच ते कात्रण चिकटवलेलं होतं हे कळतं.

काचघर

एक राहिलं. डायसेक पुसताना अमोनियावालं काचेचं द्रव किंवा स्पिरिट वापरू नका. ताणाखाली असलेल्या अ‍ॅक्रिलिकला कडेपासून केसासारख्या भेगा पडतात, त्याही काही दिवसांनी, त्यामुळे कारण सापडत नाही. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग ऊर्ध्वपातित पाण्याने ओलसर केलेलं मायक्रोफायबर, दाब न देता, एकाच दिशेने. कोरड्या फडक्याने घासलं की स्थिर वीज तयार होऊन धूळ दुप्पट बसते.